ओ देणारा ट्रक

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी वेल्डिंग शिकायला गेलो, हे सांगताना अजूनही माझा आवाज खाली जातो. त्याआधी बरीच वर्षे मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवत होतो. विद्यार्थी कमी होत गेले, तुकडी बंद झाली. वर्ध्याहून पुलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्नीच्या दूरच्या नात्यातल्या एका मिस्त्रींचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप होते. तिथे मी रोज सकाळी जाऊन उभा राहू लागलो. मला काम द्या, असे मी कधी म्हटले नाही. मिस्त्रींनीच एक दिवस माझ्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला. ते मला ‘सर’ म्हणत. त्या संबोधनात आदर किती आणि गंमत किती, हे मी कधी तपासून पाहिले नाही.

त्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. गाडीवर वेल्डिंग करायचे असेल, तर आधी ‘आवाज घ्यायचा’. म्हणजे हातोड्याने गाडीच्या अंगावर ठोके द्यायचे, ‘आत कोणी असन तं बाहेर या’ असे मोठ्याने म्हणायचे, आणि ठोक्यांचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबायचे. नंतरच ठिणगी पाडायची. उन्हातून आलेले क्लीनर गाडीखाली किंवा टपाच्या आत झोपून जातात, एवढेच त्यामागचे कारण. परंतु मिस्त्री ते थांबणे ज्या गंभीरपणे पाळत, ते पाहून मला नेहमी वाटे की, त्यांना क्लीनरपेक्षा वेगळे कोणीतरी अपेक्षित असावे.

एप्रिलच्या शेवटी तो ट्रक आला. लष्कराने निकाली काढलेला, पाठीवर पत्र्याची एक बंद खोली असलेला. पूर्वी तिच्यात वायरलेसचे संच असत. लष्करी हिरवा रंग बदलणे कायद्याने भाग असल्यामुळे तो अर्धवट खरडलेला होता आणि खालचे लोखंड जागोजागी उघडे पडले होते. भंगारवाल्याकडून तो विकत घेतला होता पिपरी मेघे इथे राहणाऱ्या एका निवृत्त हवालदारांनी. सिग्नलमध्ये त्यांची सारी नोकरी झाली होती, आणि हौशी रेडिओचा परवाना त्यांनी आजतागायत चालू ठेवला होता.

त्यांना काय हवे आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. त्यांचा एक कान गेला होता आणि दुसरा जात होता. माणसांचे बोलणे आता त्यांना कळत नसे. आम्ही त्यांच्याशी बोलायचो ते चेहऱ्यासमोर, सावकाश. फोन निरुपयोगी झाला होता. मात्र मोर्सचा, म्हणजे लांब-छोट्या ठोक्यांच्या सांकेतिक लिपीचा, एकसुरी नाद, जाड स्वरात लावला, तर अजून ऐकू येत असे. पलटणीतले त्यांचे जोडीदार पंजाबातल्या आपल्या गावी अंथरुणाला खिळलेले होते, आणि दर रविवारी संध्याकाळी दोघे रेडिओवर मोर्सने बोलत. पण पिपरीत घरांची आणि विजेच्या तारांची गर्दी वाढली, तसा संचात खरखराट वाढला, आणि त्या खरखराटातून जोडीदाराचा सूर वेचून काढणे त्यांच्या कानाला जमेनासे झाले. तारांपासून दूर, उघड्या रानात गाडी नेऊन उभी करायची. त्यासाठी गाडीच्या अंगावर उंच अँटेना हवी आणि अँटेनेला पक्का आधार हवा.

‘डाक्टर म्हनते, पावसाळ्यापर्यंत हाही कान गेला समजा,’ ते मला म्हणाले. ‘तवा मास्तर, लवकर करा.’

आधाराचे काम मिस्त्रींनी माझ्यावर सोपवले. केबिनच्या मागे, डाव्या बाजूला, जुना आधार काढून टाकल्याची खूण होती. तिथला हिरवा रंग गडद होता, जणू त्या जागेने इतकी वर्षे ऊन पाहिलेच नव्हते. जाड पट्टीचा काटकोन केला, त्याला खालून तिरपी टेकण दिली, अँटेनेच्या बुडाशी येणाऱ्या स्प्रिंगसाठी वरच्या पट्टीत भोक पाडले, आणि वारा तिला कितीही वाकवो, पत्रा फाटू नये म्हणून आतून लावायची एक रुंद प्लेट कापली. माझ्या हातचे हे पहिलेच असे काम, ज्याच्यावर दुसऱ्या कोणाचा हात फिरला नव्हता. मिस्त्रींनी जोड बोटाने चाचपला आणि म्हणाले, ‘सर, फळ्यावरची अक्षरं याहून सरळ होती का तुमची?’ ही त्यांची पसंती होती.

दुपारी आम्ही ट्रकपाशी गेलो. हवालदार बाजूला लिंबाखाली बसले होते. मिस्त्रींनी हातोड्याने ठोके दिले, हाक दिली, आणि थांबले. नाद विरला. आणि मग आतून, न घाई करता, तितकेच ठोके परत आले.

मिस्त्री हसले. ‘कोण बे झोपून राह्यला आत?’ म्हणत त्यांनी मागचे दार उघडले. आत रिकाम्या मांडण्या होत्या, तापलेल्या पत्र्याचा वास होता. दुसरे काही नव्हते. गाडीखाली मी वाकून पाहिले. दार लावून त्यांनी पुन्हा ठोके दिले, या वेळी कमी. उत्तरही कमी आले.

उन्हाने तापलेला पत्रा प्रसरताना वाजतो, दुहेरी भिंतीतला सैल तुकडा धक्क्याने हलतो. मला ही कारणे ठाऊक होती आणि मी ती हळू आवाजात सांगूही लागलो. पण तापलेला पत्रा मोजून वाजत नाही, हेही मला ठाऊक होते, म्हणून माझे वाक्य अर्ध्यातच राहिले.

मिस्त्रींनी होल्डर खाली ठेवला. चेहरा शांत होता. ‘ज्यानं ओ देल्ली, त्याले जाळाचं नाई,’ ते म्हणाले. या गाडीला वेल्डिंग लागणार नाही, असा त्याचा अर्थ होता, आणि तो शब्द मोडण्याचे धाडस माझ्यात नव्हते.

हवालदारांना यातले काहीच ऐकू आले नव्हते. मी त्यांच्यासमोर बसून घडलेले सांगितले. ते घाबरले नाहीत. फक्त चेहरा उतरला, ते पावसाळा जवळ आल्याच्या भीतीने. नागपूरला गाडी न्यावी का, कोण इतक्या लवकर करून देईल, असे ते विचारत राहिले. त्यांच्याकडे पाहताना मला एक साधी गोष्ट सुचली. वेल्डिंगला मनाई होती, पान्याला नव्हती. जुन्या आधाराच्या बोल्टची भोके पुट्टीने बुजवलेली होती. ती मोकळी करून त्याच भोकांतून बोल्ट घालता आले असते. मिस्त्रींनी ऐकून घेतले. ‘चालते,’ ते म्हणाले. ‘पन आतून नट धराले मी जात नाई. तुमी जाता का?’

मी गेलो. नाही म्हणण्यासाठीही एक प्रकारचा धीटपणा लागतो.

दार उघडे ठेवले तर वाऱ्याने आपटत होते, म्हणून ते ओढून घ्यावे लागले. भोकांतून आत येणाऱ्या उन्हाच्या बारीक काड्या सोडल्या, तर काळोख होता. बाहेरून एकेक बोल्ट आत सरकला तशी एकेक काडी विझली. पत्रा खरडून धातूला धातू भिडवला, प्लेट बसवली, नटावर पाना धरला. बाहेर मिस्त्री आवळत होते. पान्याला जोर मिळावा म्हणून मी डावा तळवा भिंतीवर टेकवला होता. एकदा त्यांचा पाना निसटून पत्र्यावर आपटला. नाद विरल्यावर माझ्या तळव्याखाली, अगदी नेमका तिथेच, एक ठोका आला. भिंतीच्या पलीकडे मिस्त्री होते हे खरे. पण हा ठोका पलीकडून आला नाही. मी हात काढला नाही. काढला असता, तर नट फिरला असता आणि काम पुन्हा करावे लागले असते, एवढाच विचार माझ्या मनात होता, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे.

आधार बसला. मिस्त्री त्याला लोंबकळले, तरी तो हलला नाही.

रविवारी संध्याकाळी मिस्त्रींनीच ट्रक चालवत सेलूच्या पुढे, वेचणी केव्हाच संपलेल्या कापसाच्या एका उघड्या रानात नेला. पऱ्हाट्यांची वाळकी झुडपे उपटून नेलेली होती. दूरवर एकही तार नव्हती. अँटेना चढवली. वारा पडला होता, तरी तिचे टोक बारीक थरथरत होते. मिस्त्री खाली बांधावर बिडी ओढत बसले. आत मांडणीवर संच, त्याला दोन हेडफोन. एक हवालदारांच्या कानाला, एक माझ्या. मला मोर्स येत नव्हते. सूर येतो की नाही, एवढे सांगण्यासाठी मी होतो.

त्यांनी मोर्सची कळ दाबून हाक दिली. पुष्कळ वेळ नुसती सूं सूं. मग त्या सूं सूं मधून एक स्वच्छ, थकलेला सूर आला. हवालदारांचे तोंड उघडे राहिले. ‘ऐकू येते,’ ते म्हणाले. ‘मास्तर, सारं ऐकू येते.’

ते बोलत होते, तिकडून उत्तर येत होते. तिकडे गव्हाची कापणी झाली, इकडे किती तापते आहे, असे काहीबाही ते मला मध्येमध्ये सांगत. आणि मग एकाएकी त्यांनी हेडफोन काढला, झटकला, पुन्हा लावला. माझ्याकडे पाहिले. माझ्या कानात सूर होता तसाच होता, तेवढाच स्वच्छ.

‘येऊन राह्यला का तो?’

मी मान हलवली. त्यांनी आवाज वाढवला, इतका की मला हेडफोन कानापासून दूर धरावा लागला. त्यांनी नकारार्थी हात हलवला. पावसाळा यायला अजून वेळ होता.

पंजाबातला माणूस बोलतच होता, आणि त्याचे बोलणे माझ्यापाशी येऊन संपत होते. मग हवालदारांनी कळीवर काही वाजवले. तिकडचा सूर सावकाश झाला, हे माझ्याही लक्षात आले. त्यांनी आपला डावा तळवा उघडून माझ्यापुढे धरला.

‘वाजवा,’ ते म्हणाले. ‘लांब तं लांब, छोटा तं छोटा. तुमी समजू नका, फक्त वाजवा.’

मी बोट टेकवले. लांब सूर आला की दाबून धरायचे, छोटा आला की टिचकी. काही वेळाने मला ते ठरवावेही लागेना. कोणी अनोळखी माणूस माझ्या बोटाने बोलत होता आणि काय बोलत होता हे मला कळत नव्हते. हवालदार मात्र हसले. एकदा डोळे पुसले. उजव्या हाताने उत्तर देत राहिले. बाहेर अंधारून येत होते.

मग सूर थांबला. मी वाट पाहिली. नुसती सूं सूं. मी बोट उचलले आणि ‘संपले’ असे सांगण्यासाठी त्यांच्या चेहऱ्यासमोर झुकलो. ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांचा तळवा तसाच उघडा होता, त्यावर त्यांची नजर होती, आणि ते एकेका गोष्टीला मान हलवत होते. मी बोलू लागलो, तशी त्यांनी दुसऱ्या हाताने मला थांबण्याची खूण केली.

‘थांबा,’ ते हळूच म्हणाले. ‘अजून सांगून राह्यला तो.’

माझे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर होते.