चिपरवाला आणि भाऊजी

चिपरवाल्याला सगळे ‘थांबा’ म्हणत, कारण कामावर दर दोन मिनिटांनी त्याच्या तोंडी तोच शब्द असे. ट्रॅक्टरच्या जोरावर चालणाऱ्या त्याच्या चिपर यंत्रात एकीकडून फांदी सारली की दुसरीकडून भुगा उडतो. हात सारला तर हाताचाही उडतो, हे तो एकवीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता.

थोरल्या बहिणीच्या पडीक रानात सुबाभूळ माजली होती. ती तोडून ढीग घातले आणि भुगा करायला याला बोलावलं. चिपर याचा, पण ट्रॅक्टर बहिणीच्या नवऱ्याचा. इथेच माशी शिंकली.

भाऊजी गळ्यात मफलर गुंडाळून आले.

“थांबा. आधी मफलर काढा. फांदीत अडकला तर तुम्हालाही आत ओढेल.”

“लग्नात एवढे नियम नव्हते रे,” म्हणत भाऊजींनी तो काढला.

मग ते फांद्या शेंड्याकडून सारू लागले.

“बुंध्याकडून, भाऊजी. आणि समोर नको, बाजूला उभे राहा.”

पाच वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! सहाव्यांदा एक वाकडी फांदी यंत्राच्या तोंडातच अडकली आणि ती ढकलायला भाऊजींनी चक्क पाय उचलला. थांबाने धावत जाऊन ट्रॅक्टर बंद केला, चावी खिशात टाकली. पाती पूर्ण थांबू दिली. ट्रॅक्टरच्या जोरावर चिपर फिरवणारा दांडा सोडवून खाली ठेवला, आणि मगच झाकण उघडून आत हात घातला.

तेवढ्यात ट्रॅक्टर धडधडला.

भाऊजींकडे दुसरी चावी होती. वर बसून ते विचारत होते, “झालं का रे? ऊन चढतंय!”

दांडा मातीत पडलेला, म्हणून पाती हलली नाहीत. थांबाने झटकन हात बाहेर काढला.

“माझा हात आत होता!” तो आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींवर ओरडला.

“पण झालं तर काही नाही ना?”

थांबाने कपाळावर हात मारला. मारायला हात शिल्लक होता, एवढंच.

आरडाओरडा ऐकून बहीण आली. “उतरा खाली. ती चावी द्या, आणि घरी जा,” ती नवऱ्याला म्हणाली. त्याचाच जुना शर्ट-पँट चढवून ती भावाच्या जोडीला उभी राहिली. एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं, पण दोघांना साधं खरचटलंही नाही.

चौथ्या दिवशी भाऊजी शेजाऱ्याला सांगत होते, “यंत्र झकास आहे हो. माणूसच फार चेंगट!”

थांबाने ते ऐकलं. चिपर पुसत राहिला, जरा जास्तच जोरात.