कोंडाआत्याची खरवड

लहानपणी ईट गावी आम्ही पोरं वाट्या घेऊन कोंडाआत्याच्या खव्याच्या भट्टीवर बसायचो. खवा विकायला जायचा. कढईच्या बुडाला लागलेली तांबूस, चिवट खरवड मात्र आमची. आत्या एका हातानं उलथणं फिरवायची, दुसऱ्यानं आम्हाला हाकलायची.

गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, ढवळणं बंद. म्हणजे भट्टीच बंद, आणि भट्टीशिवाय आत्या कुणी पाहिलीच नव्हती. मग ढवळायचं यंत्र आलं. त्याच्या पात्याला कढईचं बूड निपटायला टेफ्लॉनची पांढरी पट्टी कसल्याशा डिंकानं चिकटवलेली. थोड्याच दिवसांत ती उकळत्या दुधात सुटली. अख्खा घाणा खड्ड्यात ओतून आत्या म्हणाली, "माझ्या खव्यात डिंक? विझवा भट्टी."

तिची नात अर्पिता पुण्याला कारखान्यात आहे. दिवाळीला ती नवं पातं घेऊन आली.

"याला डिंकच नाही, आजी."

"गप! जिला काहीच चिकटत न्हाय, ती पट्टी लोखंडाला बरी चिकटली?"

"बंद पेटीतली हवा काढून थोडा वायू सोडतात. विजेनं तो जांभळा उजळतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. पट्टीची एकच बाजू त्यात धरायची. तेवढीच धातूला धरायला राजी होते. मग तापवून दाबायचं."

"आन् दुसरी?"

"ती दुधाकडं. ती तशीच अडेल, कशालाच न धरणारी."

"म्हंजे तुझ्या आज्यावानी. लोकांत गोड, घरात अडेल."

आत्यानं पातं दिवसभर नुसत्या पाण्यात उकळलं. पाणी हुंगलं, चाखलं. मग सांडशीत पट्टीचं टोक धरून डाव्या हातानं हिसडे दिले. अख्खं पातं वर आलं, पट्टी सुटली नाही.

"पेटवा," ती म्हणाली.

सकाळी यंत्र फिरू लागलं. आत्या पाटावर बसलेली. मोकळा हात मांडीवर गोल फिरत होता. गल्लीतली पोरं वाट्या घेऊन आली, त्यांच्यात पन्नाशीची मीही. खवा निघत आला तसं कढईचं बूड दिसू लागलं. लखलखीत! पोरांची तोंडं उतरली.

आत्यानं पोरांकडं पाहिलं, माझ्याकडंही.

"अर्पिता, बटण बंद कर. पातं वर घे."

"अगं आजी, उरलेला खाली लागेल!"

"लागू दे की." डाव्या हातात जुनं उलथणं घेऊन ती कढईपाशी सरकली. "वाट्या पुढं करा रे. आन् थोरले, तू मागं हो. तुझं लई खाऊन झालंय."