दुसरा हात

बाजारात ताज्या मासळीचा वास आला की मला पवनानगरची ती दुपार आठवते. पुण्याच्या डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, की उजवा खांदा आता सर्व्हिस करू देणार नाही. बारा वर्षांचं व्यावसायिक टेनिस तिथेच संपलं. तळेगावला वडील वाट पाहत होते. त्यांना सांगायचा धीर होईना, म्हणून मी बसमधून अलीकडे सोमाटण्यालाच उतरले आणि जीपने पवनेच्या धरणाकाठी गेले. तिथे मासळीची पाटी भरून उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "पोरी, पाटी डोक्यावर चढवाया जरा हात लाव." मी पाटी धरली, पण ती छातीच्या वर जाईना. "माझा हात वर जात नाही, मावशी. आता कधीच जाणार नाही," असं म्हणता म्हणता मला रडू फुटलं. तिने मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "दुसरा हाय न्हवं? त्यो लाव." एका बाजूने तिने, दुसऱ्या बाजूने माझ्या डाव्या हाताने पाटी चढवली. संध्याकाळी घरी जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. आता लोणावळ्यात मुलांना टेनिस शिकवते. सर्व्हिस डाव्या हातानेच करून दाखवते. ती बहुतेक वेळा जाळीत जाते, मुलं हसतात, आणि मलाही हसू येतं.