पुण्यापेक्षा जवळ

"किलोमीटर सांगू नका भाऊ, तास सांगा," असं म्हणतच ते माझ्या दुकानात शिरायचे. जिंतूरच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म आणि तिकिटांचं दुकान आहे. ते बोरीचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. किलोमीटर विचारणाऱ्याला प्रवास कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी दुबईला नर्स होती. महिन्यातून एकदा तरी ते यायचे आणि हैदराबादहून दुबईला विमानाला किती वेळ लागतो ते मला बघायला लावायचे. साधारण चार तास, मी सांगायचो. उत्तर त्यांना पाठ होतं, पण स्क्रीनवर पाहिल्याशिवाय समाधान नसे. मग फॉर्म भरायला बसलेल्या एखाद्या अनोळखी माणसाकडं वळून म्हणायचे, "पुण्याच्या गाडीला दहा तास लागायचे. म्हणजे माझी पोरगी पुण्यापेक्षा जवळ हाय."

हैदराबादपर्यंतचा प्रवास ते धरतच नसत. आम्हीही आठवण करून देत नसू. दूर गेलेल्या लेकरांच्या आईबापांचे असे हिशेब तुम्हीही ऐकले असतील. ते कुणी तपासत नाही.

मुलगी सारखी बोलवायची. चार तासांचं तर हाय, कधीबी जाता येतं, म्हणत ते आधी सोयाबीन निघू दे म्हणायचे, मग कापूस.

एका सकाळी मी शटर उघडायला आलो तर ते पायरीवर बसलेले. जावयाचा फोन आला होता. मुलीच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, ती शुद्धीवर नव्हती. आजचं तिकीट काढा, म्हणाले. मी पासपोर्ट मागितला. त्यांनी पिशवीतून आधार, रेशनकार्ड, एसटीचं जुनं ओळखपत्र एकेक करून काउंटरवर मांडलं आणि माझ्याकडं बघत राहिले.

इतक्या वेळा मी त्यांना चार तास सांगितले होते. पासपोर्टचं एकदाही विचारलं नव्हतं.

तातडीचा अर्ज भरला. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आधारशी जुळेना, त्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी ते माझ्यापाशी बसलेले असताना जावयाचा फोन आला. तिला कदाचित ऐकू जात असेल, काहीतरी बोला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिकडं फोन तिच्या कानाशी धरला होता. इकडं यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

"निघालोय माय," ते म्हणाले. "हैदराबाद सोडलं. आता पोचतोच."

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट कार्यालयात बोटांचे ठसे देऊन ते बाहेर आले, तेव्हा फोन वाजला. ती गेली होती. आठवड्यानं जावई तिला घेऊन आला. हे गाडी करून हैदराबादच्या विमानतळाबाहेर थांबले होते.

पुढं महिन्याभरानं ते दुकानात आले, हातात टपालाचं पाकीट. फोडा भाऊ, म्हणाले. मी पासपोर्ट काढून दिला. त्यांनी सगळी कोरी पानं एकेक करून उलटली.

"हे परत घेतेत का?"

नाही, मी म्हणालो. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "दहा वर्षं चालतो, काका."

त्यांनी मान हलवली, पासपोर्ट पाकिटात घातला आणि रस्ता ओलांडून बोरीच्या गाडीत जाऊन बसले. गाडी हलेपर्यंत मी दारात उभा होतो. त्यांनी इकडं पाहिलं नाही. त्यानंतर ते दुकानात आलेले नाहीत.