देगूहून आलेला फोटो

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी त्या बाईला तिचं नाव तीनदा विचारलं. कुणीतरी फसवायला बघतंय, असंच वाटलं मला. माझी भाची अनुजा ऑफिसात बोलता बोलता कोसळली होती, मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली होती... पंचवीस वर्षांची पोर. आणि मी फोनवर उलटतपासणी घेत होते. माझा स्वभावच तसा. अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या दुकानात डबा उघडून अंडं न् अंडं फिरवून बघणारी बाई मी.

दादा-वहिनी पुण्याला परत गेले तेव्हा इथेच जन्मलेली अनुजा कॉलेजसाठी आमच्याकडे राहिली. २००५ साली डिग्री हातात पडली आणि ही कोरियातल्या देगू शहरात मुलांना इंग्रजी शिकवायला निघाली. दादा मला म्हणाला, ‘तुझ्या भरवशावर पाठवतोय.’ झालं, मी पहाऱ्यावर बसले. शुक्रवारी सकाळी फोन करावा तर तिकडे संध्याकाळ, आणि बाईसाहेब बाहेर जेवायला. ‘आत्या, स्टाफ डिनर आहे, कॅन्सल नाही करता येत. एव्हरीबडी गोज!’ दर शुक्रवारी? शनिवारी पुन्हा त्याच शिक्षकांबरोबर डोंगर चढायला जायची. नवख्या, परक्या मुलीचे एवढे लाड कशासाठी, हे मला काही केल्या पटेना.

मग तिनं फोटो पाठवले. त्यातल्या एकात पिकल्या केसांचा एक गृहस्थ आणि त्याच्या शेजारी आमची अनुजा. दोन्ही हातांनी धरलेला ग्लास ओठाला, आणि तोंड साफ भिंतीकडे फिरवलेलं. नवरा म्हणाला, ‘अगं, लपवायचं असतं तर फोटो पाठवला असता का?’ पण ऐकेन ती मी कसली! दादाला फोन लावला. ‘पोरगी तोंड लपवतेय. म्हातारा आहे कोणीतरी.’

दादानं तिच्याशी बोलणं टाकलं. वर्ष अर्धं सोडून ती परत आली. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, ‘आत्या, बाबा का चिडलेत? व्हॉट डिड आय डू?’ मी कणीक मळत होते. ‘तुझं तुला माहीत,’ म्हटलं. या वाक्याची मला आज लाज वाटते.

परवा मिंजी शिकागोहून भेटायला आली. देगूच्या त्याच शाळेत ती अनुजाबरोबर शिकवायची. तिला अल्बम दाखवताना तो फोटो आला, तशी ती हसली आणि रडायलाच लागली. ते गृहस्थ त्यांचे मुख्याध्यापक. वडीलधाऱ्यांसमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं, ही त्यांच्याकडची अदब. मिंजीनंच ती अनुजाला शिकवली होती. ‘बाबांना आवडेल हे,’ असं अनुजा तेव्हा म्हणाली म्हणे. ग्लासात काय होतं, ते मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

दादा, ही पुरवणी तुझ्या घरी येते, म्हणून इथे लिहिते. तोंडानं सांगायचा धीर झाला नाही. तुला वाटलं तसं काहीच नव्हतं. ते सगळं माझ्या डोक्यातलं होतं. अडीच वर्षं ती दर रविवारी नाश्ता झाला की तुला फोन लावायची आणि वहिनीकडून ‘बाबा बाहेर गेलेत’ ऐकून ठेवायची. या रविवारी त्याच वेळी मी लावणार आहे. हव्या तेवढ्या शिव्या दे... पण उचल.