तिच्या घरचे आंबट बिबडे

आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, नंबराने व्हायचे. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या. ज्वारी तीन दिवस भिजवायची, ओलसर असतानाच दळून आणायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. मग धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, ओली धोतरं अंथरून बायका त्यावर हाताने गोल गोल बिबडे थापायच्या. थापायला सगळी गल्ली यायची, पण घाटा ज्याच्या घरचा त्याच घरच्या बाईने घोटायचा. आणि घोटणं म्हणजे काही खेळ नाही हो! लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरून तासभर फिरवायचा, खांदे भरून येतात.

आमच्या घरी ते काम माझ्याकडे होतं. आईच्या बोटांत वात शिरला होता, तिला साधी भाकरीही थापता यायची नाही. मी दहावीत होते तेव्हापासून चूल माझी, पाणी माझं, धाकट्या बहिणीची वेणीसुद्धा माझीच.

शेजारच्या घरात माझी मैत्रीण. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत, आणि तीही कमरेएवढी. शिंदखेड्याच्या शाळेत आम्ही रोज चालत जायचो, तीन मैल जायचे नि तीन यायचे, आणि हिचं तोंड एकदाही बंद नसायचं. दहावी झाल्यावर जळगावच्या नर्सच्या ट्रेनिंगचे फॉर्म आणायची कल्पना तिचीच. दोघींनी तिच्या धाब्यावर बसून भरले. माझा पोस्टात पडला. तिचा तिच्या वडलांनी ट्रंकेत ठेवून दिला, कारण तिला बघायला पाहुणे येऊन गेले होते आणि आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं, लग्न ठरलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून म्हणाली, "बरं झालं. माझं अक्षर तसंही डॉक्टरला वाचता आलं नसतं."

माझं पत्र आलं ते शनिवारी सकाळी. सोमवारी दहाला जळगावला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. आणि आमच्या बिबड्यांचा नंबर नेमका सोमवारचा. ज्वारी गुरुवारपासून भिजत होती. रविवारचा नंबर मैत्रिणीच्या घरचा, कारण तिच्या रुखवतात द्यायचे बिबडे करायचे होते. त्यांचं दळणही आणून झालेलं, आणि ओलं दळण ठेवलं तर आंबतं, म्हणून नंबर बदलून मागायची सोय नव्हती.

आईने पत्र हातात धरलं, तिला वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "ज्वारी भिजाडेल शे. आते कसं करशी?"

रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती खरंच विचारत होती. पातेलंभर ज्वारी वाया घालवायची, की पोरीची जागा? आणि तिला दिसत होतं की प्रश्न बिबड्यांचा नव्हता. सोमवारी मी नाही, मग मंगळवारी तरी कोण? वडील दारात उभे होते. एवढंच बोलले, "घरातलं उरकत असलं तर जा. मी नाही म्हणणार नाही." आता बघा, यात हो आहे की नाही? मी पत्र डब्याखाली ठेवलं आणि भाकरी थापायला बसले. मनात म्हटलं, झालं, आपलं इथेच.

दुपारी मैत्रीण भिंतीशी आली. मी तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, हे मला विचित्र वाटायला हवं होतं. पण मी माझ्याच रडण्यात.

तासाभराने तिच्या आईचा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. मैत्रीण अंगणात कोपऱ्यात पोतं टाकून बसली होती. "मी बाजूले बठेल शे," म्हणाली. म्हणजे तिची पाळी आली होती. त्या काळी पाळीतल्या बाईची सावलीही पापड-बिबड्यांवर पडू द्यायचे नाहीत, आणि नवरीच्या रुखवताला पहिला बिबडा नवरीच्याच हातचा लागायचा. म्हणजे चार दिवस त्यांचं काम बंद. तिची आई कपाळ बडवत होती, "आजच वेळ सापडनी का तुले?" आणि ही पोतं नीट करत म्हणते, "मी काय बोलावणं धाडलं होतं का?"

रविवार मोकळा झाला. गल्लीतल्या म्हाताऱ्या अक्का स्वतः आमच्या दारी आल्या आणि आईला म्हणाल्या, उद्या तुमचं उरकून घ्या. आमची ज्वारी एक दिवस कमी भिजली होती, चालवून घेतली. मी संध्याकाळी दळून आणली, पहाटे घाटा घोटला, आणि दिवस मावळेपर्यंत वर्षाचे बिबडे वाळून डब्यात गेले. आईने वाकड्या बोटांनी एकेक मोजल्यासारखा रचला. शेवटचा ठेवून म्हणाली, "भाकरीचं बघू. लहानी बारा वर्षांची झाली, शिकेल." तिने मला जायला सांगितलं ते असं.

सोमवारी पहाटे वडलांनी सायकलवर स्टेशनला नेलं. मैत्रीण पोत्यावरच होती, जवळ यायचं नाही म्हणून लांबूनच हात केला. पॅसेंजरमध्ये बसल्यावर मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते, की काय वेळ जुळवून आणलीस रे बाबा!

तिच्या लग्नाला मला सुट्टी मिळाली नाही. भेटलो ते थेट पुढच्या आखाजीला. आमच्याकडे आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात. लिंबाच्या झोक्यावर दोघी बसलो होतो. मी म्हटलं, सासर कसं आहे? तर सांगायला लागली, की सासू अजून जेवताना बिबडा मोडून विचारते, "तुनी मायनी ताक टाकेल शे का यामा?" ओलं दळण चार दिवस सावलीत पसरून ठेवलं तरी आंबलंच, बिबडे लालसर आणि आंबट झाले. दुसरी ज्वारी भिजवायला लग्नाआधी वेळ नव्हता. तेच रुखवतात गेले.

मी म्हटलं, "तुझी पाळीही काय वेळ साधून आली."

ती झोका पायाने थांबवून माझ्याकडे बघायला लागली. "येडी शे का तू? ते बठ्ठं खोटं व्हतं."

वर्षभर मी देवाचे आभार मानले, आणि ही वर्षभर टोमणे खात होती. मला रडू यायला लागलं तशी चिडली. "गप. सासूला दुसरं काही सापडलं असतंच. तू हॉस्टेलचं सांग."

मग मी सांगायला लागले. वरणात पाणी किती, मेट्रन कशी ओरडते, ढेकूण, संडासाची रांग, रात्रपाळीत पाय कसे सुजतात. चांगलं हातचं राखून वाईट तेवढं सांगत होते. म्हटलं, जे हिला मिळालं नाही ते हिच्यापुढे गोड करून कशाला सांगायचं?

पण ती मला पहिलीपासून ओळखत होती. थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाली, "तू माले बठ्ठं वाईटच सांगी ऱ्हायनी. मी रुखवत काय ढेकणांसाठी आंबवलं का? चांगलं काय शे ते सांग."

मी ओढणीने तोंड पुसलं. मग तिला सांगितलं, की पोटुशी बाईच्या पोटावर एक लाकडी नळी ठेवतात, आपण कान लावायचा. आधी काहीच कळत नाही. मला तीन दिवस काही ऐकू आलं नव्हतं. चौथ्या दिवशी एकदम आतलं बाळ ऐकू आलं.

"कसं वाजतं?" ती पुढे सरकली.

तोंडाने काही नीट सांगता येईना. तिचा तळहात माझ्या मांडीवर घेतला आणि दोन बोटांनी त्यावर वाजवून दाखवलं, भरभर, भरभर.

"एवढं जोरात पळतं?"

"एवढं."

"परत दाखव," म्हणाली.