उत्तमदादाच्या गाडीतली ठकठक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुमचे डोळे मला दिसत नाहीत — म्हणून कदाचित जमेल.

जानेफळच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. गाडी नुसती वळणावर आली की आवाजावरून मी तिचं दुखणं सांगतो, असं लोक म्हणतात. मीही ऐकून घेतो, नाही म्हणत नाही. पण हा कान मला गॅरेजनं दिलेला नाही. तरुणपणी मी उत्तमदादाच्या भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचो. वडील अंथरुणाला खिळले, गॅरेज गळ्यात पडलं, ढोलकी सुटली. पार्टी मात्र फिरत राहिली — दादाच्या जुन्या पिकअपमधून, आज बीबीला, उद्या देऊळघाटला. गाडी गॅरेजवरून जाताना मागून कुणीतरी हात हलवायचं. मी हातातला पाना हलवायचो, चेहरा हसरा ठेवायचो. गाडी दिसेनाशी झाली की पुन्हा बॉनेटखाली वाकायचो.

त्या वर्षी जयंतीचे कार्यक्रम तोंडावर आले आणि गाडीच्या इंजिनातून ठकठक यायला लागली. दादा माझ्याकडेच आणणार, दुसरीकडे कुठे जाईल? खोल, जड आवाज. असा आवाज ऐकला की मेकॅनिकचं तोंड उतरतं, कारण बहुतेक वेळा आतली बेअरिंग गेलेली असते, आणि जुन्या इंजिनाचं मग काही खरं नसतं.

दादा गाडी ठेवून गेल्यावर मी लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं आणि त्याची मूठ कानाला लावली. डोळे आपोआप मिटतात तेव्हा. रस्ता जातो, ऊन जातं, आपण कुठे उभे आहोत तेही जातं — नुसता ठोका उरतो. एकेका सिलिंडरचं डिझेल बंद करून पाहिलं. बेअरिंग गेली असती तर एखाद्यावर ठोका मंदावला असता. ठोका तसाच. म्हणजे आत काही बिघडलेलं नव्हतं. मग इंजिन बंद केलं आणि समोरची, पट्टा फिरवणारी पुली हातानं हलवून पाहिली. ती हलली. तिचा बोल्ट ढिला झाला होता. एक बोल्ट आवळायचा, बस् — सांगितलेला चहा येईपर्यंत होणारं काम.

मग का नाही आवळला? त्या घडीला तरी वाटलं होतं, दादासमोरच आवळू, तेवढीच शाबासकी.

संध्याकाळी दादा आला, जुन्या टायरवर बसला. 'सापडलं काय बे?' मी त्याला ऐकवायला इंजिन सुरू केलं. आणि तो त्या ठोक्यावर गुणगुणायला लागला. सहज, स्वतःशीच. माझी बोटं बॉनेटवर कधी पडली, मला कळलंच नाही. पत्रा गरम होता. पलीकडे निंबाखाली उजेड पिवळा होत होता, धूळ हळूहळू खाली बसत होती, आणि इतक्या वर्षांनी आम्ही दोघं पुन्हा एका गाण्यात होतो. किती वेळ? कोण जाणे.

'तुहा हात नाही विसरला गजू अजून,' दादा हसून म्हणाला.

आणि मी म्हणालो, 'नाही सापडलं दादा. उद्या पाह्यतो.'

उद्याचा परवा झाला. रोज तो यायचा, रोज मी तेच सांगायचो, आणि रोज आमचं गाणं व्हायचं. एक कार्यक्रम बुडाला. मग दुसरा. गाडीवाचून पार्टी टिकणार नाही, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. दादाचा ढोलकीवाला दुसऱ्या पार्टीत गेला तेव्हा तर — खरं सांगू? — मला आतून बरं वाटलं. बघा, असा मी.

मग एका संध्याकाळी दादा गायला नाही. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

'राहू दे गजू आता. तू लई कोशिश केली. इंजिनच थकलं, माह्यासारखं. इकून टाकतो.'

तोंड उघडायचं तर तेव्हाच उघडायला हवं होतं. पाना खिशात होता. पण आधीच्या सगळ्या संध्याकाळींचं काय सांगणार होतो मी? मी फक्त मान हलवली. गाडी भंगारवाल्याकडे गेली. पार्टी मोडली. दादा आता मुलाच्या किराणा दुकानात बसतो. गात नाही — माझ्याकडे आला तरी नाही. चारचौघांत माझा विषय निघाला की मात्र सांगतो, गजूनं माह्या गाडीसाठी जिवाचं रान केलं.

परवा बसची वाट बघत तो गॅरेजवर टेकला होता, चष्मा काढून पुसत होता. समोरून एक पिकअप गेली. निळा नवा रंग, मागे कांद्याच्या गोण्या. दरवाज्यावरचा पोचा मी ओळखला, तो काढून देतो असं मी दादाला कितीदा म्हणालो होतो. भंगारवाल्यानं ती मोडलीच नव्हती. कुणीतरी पुली हलवून पाहिली असणार. ठकठक नाही, काही नाही.

दादानं मान तिरपी केली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ऐकत राहिला.

'काय गोड चालून राह्यली बे,' तो म्हणाला. 'कोणाची होय?'

'काय माहीत, दादा,' मी म्हणालो.